परवाना राज्याचा, हिशेब घराचा

रास अल् खैमा हे नाव कोकणातल्या आपल्या घरांना नवे नाही. रत्नागिरी आणि रायगडच्या कितीतरी मोहल्ल्यांत आखाती पगारावर चूल पेटते, मुलींची लग्ने होतात, घरावर स्लॅब पडतो. त्याच रास अल् खैमाच्या किनाऱ्यावर, समुद्रात भराव घालून केलेल्या अल् मरजान बेटावर, अमेरिकेच्या विन कंपनीचे प्रचंड हॉटेल उभे राहत आहे. सत्तर मजले, दीड हजारांहून अधिक खोल्या आणि आत कॅसिनो. २०२७ मध्ये ते उघडण्याचे नियोजन आहे.

हे टप्प्याटप्प्याने घडले. जानेवारी २०२२ मध्ये प्रकल्प जाहीर झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये अमिरातींनी अशा खेळांवर देखरेख ठेवणारे स्वतंत्र प्राधिकरण नेमले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये विनला परवाना मिळाला. त्याच डिसेंबरात सरकारमान्य लॉटरीची पहिली सोडतही निघाली. तेव्हा तिकीट पन्नास दिरहमचे होते, सर्वांत मोठे बक्षीस दहा कोटी दिरहमचे.

यातून पर्यटन वाढेल, रोजगार मिळेल, असे सांगितले जाते. ते खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. दारू आणि जुगारात लोकांचा काही फायदाही आहे, हे कुरआननेच सूरह अल्-बकराच्या २१९व्या आयतीत मान्य केले आहे. पण त्यांचा गुनाह त्या फायद्याहून मोठा आहे, हेही तिथेच सांगितले आहे.

परवाना देणाऱ्या सरकारांनाही हा धोका कळतो. सिंगापूरमध्ये २०१० साली हॉटेलांसह दोन कॅसिनो सुरू झाले. परदेशी पाहुण्याला प्रवेश फुकट; स्वतःच्या नागरिकाला मात्र दिवसाचे शंभर डॉलर भरावे लागत, २०१९ पासून दीडशे. शिवाय जुगारापायी घर बुडत असेल, तर कुटुंबीय अर्ज करून त्या माणसावर प्रवेशबंदी आणू शकतात.

आमची काळजी इथेच आहे. आखातातल्या आपल्या मुलाचे कुटुंब तिथे नसतेच. बायको खेडला, आई म्हसळ्याला. कॅसिनोच्या दारापर्यंत तो कदाचित जाणारही नाही, पण लॉटरीचे तिकीट मोबाइलवर मिळते. कर्ज डोक्यावर असले की ‘एकदाच’ म्हणणे सोपे जाते. ते तिकीट घेताना त्याला अडवणारे जवळ कोणी नसते.

म्हणून कुंपण घरालाच घालावे लागेल. दरमहा किती आले, किती उरले, याचा हिशेब नवरा-बायकोने फोनवर मिळून करावा. कर्ज असेल तर ते लपवू नये. घरच्यांनीही ‘अजून पाठव’चा तगादा लावू नये. हॉटेलातली नोकरी चालून आली, तर काम स्वयंपाकघरातले आहे, खोल्यांचे आहे की जुगाराच्या टेबलावरचे, हे आधी विचारावे आणि एजंटला पैसे देण्यापूर्वी जाणत्या आलिमांचा सल्ला घ्यावा.

महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचे ठरवले. कायदे असे येतात आणि जातात. सरकारच्या परवान्याने जुगार कायदेशीर होतो, हलाल होत नाही. हे मुलांना विमानतळावर निरोप देताना नव्हे, त्याआधी घरात बसून सांगायला हवे.