दोन जुळीं काडतुसें

जवळजवळ एकाच उंचीचीं आणि पितळेच्या एकाच पिवळ्या रंगाचीं दोन काडतुसें कोणीं आपल्या तळहातावर ठेवलीं, तर प्रथमदर्शनीं आपणांस त्यांत कांहींच भेद दिसणार नाहीं. दोहोंच्या तोंडाशीं बसविलेली गोळी सारख्याच व्यासाची आणि सारख्याच वजनाची. दोहोंच्या नांवांत ‘३७५ मॅग्नम’ हे शब्द आहेत. दोन्ही काडतुसें लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या एकाच कारखान्यानें १९१२ सालीं बाजारांत आणलीं. असें असतां, शिकारीसाठीं नवी रायफल घेणाऱ्या मनुष्यास या दोहोंपैकीं एकाचीच निवड करावी लागे. आणि ती निवड चुकली तर त्या चुकीची किंमत दुकानांत द्यावी लागत नसे, ती जंगलांत द्यावी लागे. ही निवड कोणत्या विचारानें करावयाची, हें आज सांगावयाचें आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या देशांतील हौसेची शिकार बंद झाली, आणि तें योग्यच झालें. तेव्हां हें भाषण शिकारीस उत्तेजन देण्यासाठीं खास नाहीं. परंतु जुन्या घराण्यांतून आजोबा-पणजोबांची एखादी रायफल परवान्यासह जपून ठेवलेली असते. तिच्याबरोबर काडतुसांचें एखादें मळकट खोकें असतें. आणि ‘सगळीं ३७५ चींच ना?’ असें म्हणून घरांतील नवी पिढी तीं एकत्र करून ठेवते. निदान अशा घरांनीं तरी हा भेद जाणला पाहिजे.

उदाहरणासाठीं बुलढाणा जिल्हा घेऊं. उत्तरेस जळगांव जामोद आणि संग्रामपूर यांच्या अंगावर सातपुड्याचे उतार आले आहेत. तेथेंच अंबाबरव्याचें जंगल. मध्यें पूर्णेचें सपाट, काळ्या मातीचें, कपाशीचें खोरें. दक्षिणेस अजिंठ्याचा डोंगर, त्याच्या माथ्यावर बुलढाणा गांव, आणि तेथून खामगांवकडे उतरणाऱ्या रस्त्यावर बोथ्याचें जंगल. बिबळ्या, अस्वल, रानडुक्कर, सांबर, रोही हीं या मुलखांतलीं जनावरें. सातपुड्याच्या बाजूस वाघ, आणि पलीकडे मेळघाटांत गवाही. आतां समजूं कीं १९३५ च्या सुमारास खामगांवचे एक वकील नवी रायफल घ्यावयास निघाले आहेत. हे वकीलसाहेब काल्पनिक आहेत. त्यांच्यापुढील पेंच मात्र खरा आहे.

हा पेंच समजण्यासाठीं काडतुसाची रचना थोडी पाहिली पाहिजे. काडतुसाचे भाग चार: पितळेचें नळकांडें, त्याच्या बुडाशीं टोपी, पोटांत दारू आणि तोंडाशीं गोळी. चाप ओढला कीं टोपीवर आघात होतो, ठिणगी पडते, दारू जळून तिचा वायु होतो आणि त्या वायूच्या दाबानें गोळी नळींतून बाहेर पडते. ‘मॅग्नम’ हा शब्द मूळचा लॅटिन. त्याचा अर्थ मोठें. युरोपांत मद्याच्या मोठ्या बाटलीस हें नांव होतें. त्याच व्यासाच्या साध्या काडतुसापेक्षां ज्यांत दारू अधिक मावते, त्यास बंदुकांचे व्यापारी मॅग्नम म्हणूं लागले. एवढाच त्या भारदस्त नांवाचा अर्थ.

आतां मुद्द्याची गोष्ट. काडतूस नळीच्या मागच्या घरांत किती खोल जावें, हें कशानें तरी ठरविलें पाहिजे. तें फार पुढें सरकलें तर टोपीवरचा आघात हलका पडतो व बार फुसका जातो. पाठीमागें पोकळी राहिली तर दाबानें पितळ ताणलें जाऊन फाटण्याचा संभव असतो. आपल्या दोन जुळ्या बहिणींचा भेद येथेंच आहे. एकीच्या बुडाला पातेल्याच्या कांठासारखा बाहेर आलेला कांठ आहे; तो घराच्या तोंडाशीं अडकतो आणि काडतूस जागच्या जागीं राहतें. दुसरीला असा बाहेर आलेला कांठ नाहीं. तिच्या बुडाशीं एक खांचणी आहे, आणि खांचणीच्या वर बांगडीसारखा उठलेला पट्टा आहे. घरांत अडकण्याचें काम तो पट्टा करतो. सोयीसाठीं आपण एकीस कांठाचें आणि दुसरीस पट्ट्याचें काडतूस म्हणूं.

एकाच कारखान्यानें एकाच वेळीं दोन रूपें कां काढावींत? कारण रायफली दोन जातींच्या होत्या. पहिली दुनळी. ती छऱ्याच्या बंदुकीप्रमाणें मध्यें मोडते, दोन नळ्यांत दोन काडतुसें घालतात आणि बार झाल्यावर ती पुन्हां मोडली कीं आंतील पोलादी पट्टी काडतुसाचा कांठ धरून त्यास वर उचलते. या रचनेला कांठ हवाच. कांठ नसला तर बारीक स्प्रिंगच्या दांत्यानें खांचणी धरावी लागते, आणि असा नाजूक दांता धुळींत वा घाईंत दगा देऊं शकतो. दुसरी जात मॅगझीन रायफलीची. तिच्यांत काडतुसें पेटींत एकावर एक रचलेलीं असतात व बोल्ट मागेंपुढें केला कीं एकेक वर येतें. येथें कांठ हाच शत्रु. वरच्या काडतुसाचा कांठ खालच्याच्या कांठामागें अडकला कीं सर्व यंत्र जागच्या जागीं थिजतें. पट्ट्याचें काडतूस मात्र पेटींतून निसटून सरळ नळींत शिरतें. १८९८ च्या नमुन्याच्या जर्मन मौझर रायफलीचा रुंद पंजा त्याची खांचणी घट्ट धरतो, आणि बार झाल्यावर रिकामें नळकांडें हमखास बाहेर ओढतो.

यावरून एक नियम निघतो: आधीं रायफल ठरवावी, मग काडतूस. वकीलसाहेबांचे मित्र त्यांस क्लबांत गोळीच्या वेगाचे आंकडे ऐकवीत असतील. ते आंकडेही पाहूं. पट्ट्याच्या काडतुसांतून ३०० ग्रेन, म्हणजे सुमारें साडेएकोणीस ग्रॅम वजनाची गोळी, सेकंदास सुमारें २५०० फूट वेगानें निघते. कांठाच्या काडतुसाचा दाब थोडा कमी ठेवलेला असल्यानें तीच गोळी सुमारें २४०० फुटांनीं निघते. गोळीच्या अंगच्या जोराचा हिशेब केला तर पहिलीचा सुमारें ४१६० फूट-पौंड व दुसरीचा सुमारें ३८४० फूट-पौंड येतो; म्हणजे शेंकडा आठांचें अंतर. शंभर यार्डांवर दोन्ही गोळ्यांच्या खालीं उतरण्यांत पडणारा फरक एका बोटाच्या जाडीहून कमीच. मचाणावरून तर नेम तीस-चाळीस यार्डांचा. तेथें या आठ टक्क्यांसाठीं वाद घालणें म्हणजे पंचपक्वान्नांच्या ताटांत मिठाचे कण मोजणें होय.

मग दाब कमी कां ठेवला? याचें उत्तर वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत आहे. त्या काळीं या काडतुसांत कॉर्डाइट नांवाची दारू असे. ती भुकटीच्या रूपांत नसून शेवयांसारख्या लांब तपकिरी काड्यांची असे. कॉर्डाइटचा एक मोठा दोष हा कीं तापलें कीं तें अधिक जलद जळतें व दाब वाढवितें. पाणवठ्यावर बसून शिकार करण्याचे दिवस म्हणजे वैशाख-ज्येष्ठ. मलकापूर-नांदुऱ्याकडे त्या दिवसांत पारा चाळीस अंशांवर असतो, आणि उन्हांत राहिलेली रायफल हातांत धरवत नाहीं. लंडनच्या थंडींत जें काडतूस सुरळीत चालतें, तेंच येथें इतका दाब करूं शकतें कीं पितळ फुगून घराच्या भिंतींस चिकटून बसावें. मध्यें मोडणाऱ्या दुनळीचा सांधा मौझरच्या बोल्टाइतका दाब सोसणारा नसतो. म्हणून तिच्या काडतुसांत आधींच सवलत ठेवलेली. शिवाय दोन्ही काडतुसांचा आकार तोंडाकडे निमुळता आहे. निमुळती पाचर जशी जराशा हिसक्यानें सुटते, तसें हें नळकांडेंही सुटतें. आठ टक्के जोर कमी घेऊन नळकांडें न अडकण्याची शाश्वती मिळत असेल, तर शहाण्यानें ती घ्यावी.

ही शाश्वती किती मोलाची, हें जखमी जनावराच्या मागें जाणाऱ्यासच ठाऊक. नेम थोडा चुकून अस्वल वा बिबळ्या जखमी होऊन नाल्यांतील झुडपांत शिरला, तर त्याला तसेंच सोडणें हें त्या काळींही पाप समजलें जाई. एक तर त्या मुक्या जिवाचे हाल. दुसरें, सकाळीं सरपणास वा गुरांमागें जाणाऱ्या गांवकऱ्यांच्या जिवास धोका. म्हणून मागोवा घेणें भाग पडे. अशा वेळीं जनावर दहा पावलांवरून झेप घेई, आणि दुसऱ्या बारासाठीं क्षणार्धच हातीं असे. दुनळींत दुसरा बार चाप ओढतांच तयार; बोल्ट ओढण्याचा प्रश्नच नाहीं. मौझरमध्यें तीन-चार बार पेटींत खरे, परंतु प्रत्येक वेळीं हात चापावरून काढावा लागतो. दुनळीचा हा मोठा गुण.

तिचे दोषही तितकेच मोठे आहेत. चांगल्या दुनळीची किंमत मॅगझीन रायफलीच्या अनेक पट. तिच्या दोन नळ्या एकाच ठिकाणीं मारतील अशा रीतीनें कारागीर त्या एका ठराविक काडतुसाशीं जुळवून देतो. गोळीचें वजन बदललें कीं दोन नळ्यांचे बार दोन दिशांना जाऊं लागतात. आणि काडतूस मिळण्याचा प्रश्न निराळाच. पट्ट्याचें काडतूस १९२५ पासून अमेरिकेंतील वेस्टर्न कंपनीही करूं लागली. पुढें विंचेस्टरनें आपल्या रायफली त्यासाठीं बनविल्या. तें जगभर पसरलें व आजही अनेक देशांत तयार होतें. कांठाचें मात्र दुर्मिळ होत गेलें. बंदूक शंभर वर्षें टिकते. तिचें खाद्य टिकेल कीं नाहीं, हें घेणाऱ्यानें आधींच पाहावें. सरकारी नियमांमुळेंही असा घोटाळा होई. १९०७ च्या सुमारास ४५० बोअरच्या रायफली हिंदुस्थानांत आणण्यास सरकारनें बंदी केली, आणि कारखान्यांना ४६५, ४७० अशीं नवीं मापें काढावीं लागलीं.

दुकानदारास नुसतें ‘३७५’ लिहून काडतुसें मागविणें हा तर सर्वांत मोठा प्रमाद. कारण या एका आंकड्याखालीं निदान पांच काडतुसें होतीं: १८९९ चें अडीच इंची कांठाचें, मॅन्लिखरसाठीं निघालेलें बिनकांठाचें, १९०५ चें पहिलें पट्ट्याचें, आणि आपलीं हीं दोन मॅग्नम. यांतील कोणतेंही दुसऱ्याच्या घरांत घालावयाचें नाहीं. पूर्ण नांव लिहावें, आणि तें नळीवर कोरलेल्या अक्षरांशीं ताडून पाहावें.

आतां वकीलसाहेबांना काय सल्ला द्यावा? त्यांना एकच रायफल परवडणार. सातपुड्याच्या उतारावर दीडशे यार्डांवरचें सांबरही त्यांना हवें आणि मचाणाखालचा वाघही. तेव्हां मौझर पद्धतीची रायफल आणि पट्ट्याचें काडतूस, हेंच त्यांस योग्य. ज्याला दाट झुडपांत जखमी जनावराच्या मागें वारंवार जावें लागतें, आणि ज्याची थैली जड आहे, त्यानें दुनळी व कांठाचें काडतूस घ्यावें. मात्र या दोहोंआधीं त्यांनीं स्वतःस एक प्रश्न विचारावा: मॅग्नम हवेंच कशाला? तिचा खांद्यास बसणारा धक्का ३०३ च्या दुपटीहून अधिक. त्या धक्क्याच्या भीतीनें चाप ओढतांना डोळे मिटत असतील, तर मोठें काडतूस जनावराला फक्त जखमीच करील. बिबळ्या, डुक्कर, सांबर यांना हलकी रायफल आणि स्थिर हात पुरतात. जी रायफल आपण निर्भयपणें झाडूं शकतों, तीच आपली.

आज या निवडीची कोणास गरज उरलेली नाहीं. बोथ्याचें जंगल १९९७ पासून ज्ञानगंगा अभयारण्य आहे, आणि अंबाबरवाही अभयारण्य होऊन मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पाचा भाग झालें आहे. २०१९ सालीं यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ सुमारें १३०० किलोमीटर चालून त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ज्ञानगंगेंत आला. त्याच्या गळ्यांत रेडिओचा पट्टा होता. बोथ्याच्या जंगलांत आतां पट्ट्याचा विचार करावयाचाच तर तो या पट्ट्याचा.

घरांत जुनी रायफल असलेल्या श्रोत्यांस मात्र दोन शब्द सांगतो. परवानाधारक वारला असेल, तर शस्त्र व काडतुसें जवळच्या पोलीस ठाण्यांत वा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करणें १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें बंधनकारक आहे; वारसाला पुढें स्वतःच्या परवान्यासाठीं अर्ज करतां येतो. खोक्यांतलीं काडतुसें झाडून पाहण्याचा मोह धरूं नये. अनेक उन्हाळे सोसलेल्या कॉर्डाइटचा भरंवसा नाहीं. काडतुसाचें बूड एकदां निरखून पाहा, कांठ कीं पट्टा तें ओळखा, आणि जाणत्याच्या हवालीं करा. आजोबांनीं ती निवड विचारपूर्वक केली होती. तिचा मान राखण्याचा आपल्या हातीं उरलेला मार्ग एवढाच आहे.