साडेसदतीस डॉलरचे पिस्तूल

संवेग अक्षय्यतेचा नियम शिकवताना बंदूक आणि गोळीचे उदाहरण आपण सगळेच देतो. गोळी पुढे, बंदूक मागे. फळ्यावर दोन समीकरणे मांडली की तास संपतो. हे उदाहरण मी पुस्तकाबाहेर प्रथम पाहिले ते अमेरिकेत, संशोधनासाठी तिकडे गेलो असताना. आमच्या प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमधले एक वयस्कर कारागीर दर शनिवारी नेमबाजीच्या क्लबात जात. एकदा मलाही घेऊन गेले. मी व्हिसावरचा परदेशी, म्हणून पिस्तुलाला हात न लावता मागच्या बाकावर बसून पाहत राहिलो. पिस्तूल त्यांच्या वडिलांचे, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचे. सुमारे २३ मीटरवरच्या कागदावर त्यांनी दहा गोळ्या मारल्या. सगळी भोके कपाच्या तोंडाएवढ्या जागेत होती. "हे मुळात स्वस्तातले पिस्तूल आहे," ते म्हणाले.

स्वस्त वस्तू लवकर बिघडते, असे आपण धरून चालतो. मग हे पिस्तूल इतकी वर्षे कसे टिकले?

पिस्तूल रूगर कंपनीचे होते. विल्यम रूगर आणि अलेक्झांडर स्टर्म या दोघांनी ५० हजार डॉलरच्या भांडवलावर कनेक्टिकट राज्यात कारखाना काढला आणि १९४९ मध्ये पहिले पिस्तूल बाजारात आणले. किंमत ३७ डॉलर ५० सेंट. नावाजलेल्या कंपन्यांची पिस्तुले याहून बरीच महाग होती, कारण त्यांचे भाग पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढावे लागत. रूगरने मूठ पत्र्याच्या दोन अर्ध्या भागांची केली. ते साच्यात दाबून घडवायचे आणि कडेने वेल्ड करायचे. वरचा भाग म्हणजे पोलादाची सरळ नळी. तिच्यात मागेपुढे सरकणारा बोल्ट गोल, म्हणजे लेथवर सहज उतरणारा. पट्टीच्या स्प्रिंगांऐवजी तारेच्या गुंडाळलेल्या स्प्रिंगा. १९५१ मध्ये लांब नळीचे, नेम जुळवता येणारे रूप निघाले. आमच्या कारागिरांकडे तेच होते.

पण पैसा कुठे वाचवला यापेक्षा कुठे वाचवला नाही, ते पाहण्यासारखे आहे. गोळीची नळी त्या वरच्या नळीत घट्ट बसवलेली असते, आणि नेम धरायच्या पुढच्या-मागच्या दोन्ही खुणा याच जोडणीवर असतात. पुष्कळ पिस्तुलांत मागची खूण सरकत्या भागावर असते. तो भाग झिजून सैल झाला की नेमही सैल होतो. इथे फक्त आतला बोल्ट हलतो. दोन खुणांमधले अंतर सुमारे २३ सेंटिमीटर, लक्ष्य २३ मीटरवर. म्हणजे गुणोत्तर शंभराचे. खूण दशांश मिलिमीटर सरकली तर गोळी एक सेंटिमीटर चुकेल. हा समरूप त्रिकोणांचा हिशेब विद्यार्थ्यांना करायला सांगा. मुठीच्या पत्र्यात मात्र दशांश मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी नेमाचे काही बिघडत नाही.

आता काडतुसाकडे वळू. एन.सी.सी.त पॉइंट टू टू रायफल झाडलेल्यांना ते आठवत असेल. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्या प्रकारातही हेच काडतूस लागते. याची पेटती दारू मध्यभागी नसून बुडाच्या दुमडलेल्या पोकळ कडेत असते. पिस्तुलाची पिन ही कड चेचते आणि आतले मिश्रण पेटते. कड चेचली जायची तर पितळ पातळच हवे, आणि पातळ पितळ फार मोठा दाब सोसत नाही. म्हणून हे काडतूस स्वभावतःच सौम्य.

गोळीचे वस्तुमान २.६ ग्रॅम आणि वेग सेकंदाला ३०० मीटर धरा. बोल्ट हिशेबापुरता २०० ग्रॅमचा माना आणि दारूच्या वायूचा संवेग सोडून द्या. गोळीचा संवेग ०.७८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. बोल्टचाही तेवढाच, उलट दिशेने. म्हणजे बोल्टचा वेग ३.९ मीटर. आता गतिज ऊर्जा काढा. गोळीची ११७ जूल, बोल्टची अवघी दीड जूल! संवेग सारखा, पण ऊर्जेची वाटणी वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात होते. विद्यार्थी नेमके इथेच अडखळतात. ही दीड जूल एक साधी स्प्रिंग शोषते आणि बोल्टला परत पुढे ढकलते. गोळी नळीत सुमारे १६ सेंटिमीटर धावते, तोवर बोल्ट जेमतेम २ मिलिमीटर सरकलेला असतो. काडतुसाचे कवच अजून नळीतच असते. म्हणून बोल्टला कुलूप घालणारी यंत्रणाच लागत नाही. जी यंत्रणा नाही ती झिजणार कशी?

पिस्तूल हातात मागे येते तेही याच हिशेबाने. ९ मिलिमीटरच्या काडतुसाची गोळी ८ ग्रॅमची, वेग ३५० मीटर धरला, तर संवेग साडेतीनपटीने वाढतो. पण तेवढ्याच वजनाच्या पिस्तुलाची मागे येण्याची ऊर्जा जवळजवळ तेरापट होते. कमी धक्क्यामुळे नवशिका दचकत नाही, दचकला नाही की चाप सावकाश दाबतो, आणि आपली चूक त्याला कागदावर दिसते. काडतूसही स्वस्त. तासभर सराव करून माणूस हसतमुखाने घरी जातो. त्या क्लबात मी हेच पाहिले.

दोष नाहीत असे मात्र नाही. बुडाच्या कडेत मिश्रण सगळीकडे सारखे पसरले नसेल, तर पिन नेमकी रिकाम्या जागी पडते आणि बार फुसका जातो. तो दोष काडतुसाचा. गोळीवरचे मेण, शिसे आणि काजळी बोल्टवर साचतात आणि बोल्ट आळशी होतो. मॅगझीनचे ओठ वाकले तर काडतूस अडते. आणि हे पिस्तूल उघडणे सोपे, पण परत जोडताना आतला एक छोटा दांडा नेमक्या जागी झुकवावा लागतो. तो हुकला की भल्याभल्यांना घाम फुटतो. एका बटणावर उघडणारे रूप यायला २०१६ साल उजाडले! आणि गंमत म्हणजे त्या सुधारलेल्या पिस्तुलाच्या सुरक्षा-कळीत दोष निघाल्याने २०१७ मध्ये कंपनीला ती परत बोलवावी लागली.

आमचे कारागीर पिस्तूल क्वचितच पुरते उघडत. एरवी बोल्ट जेवढा दिसतो तेवढा पुसायचा, तेलाचा एकच थेंब. सफाईचा गज ते नळीच्या तोंडातून घालत नसत, कारण गोळी सर्वांत शेवटी तिथूनच सुटते. ती कड एका बाजूने घासली गेली तर वायू आधी त्या बाजूने निसटतो आणि गोळीला तिरका धक्का देतो. पिस्तूल पेटीत ठेवून झाल्यावर त्यांनी मला नळाकडे नेले आणि दोघांनी साबणाने हात धुतले. मी पिस्तुलाला शिवलोही नव्हतो, पण शिशाची धूळ बाकावरही बसते, असे ते म्हणाले. त्यानंतरच त्यांनी डब्यातले सँडविच पुढे केले.