भिंत बघायची तर मागे सरका!

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांना बोलक्या भिंती असतात. पाढे, बाराखडी, सूर्यमाला, सगळं रंगवलेलं. दोस्तांनो, तुमच्यापैकी कुणी अशाच भिंतीला टेकून रोज डबा खात असेल!

पण शहरात फिरताना कधी कधी वेगळीच भिंत समोर येते. भडक गुलाबी, लिंबू-पिवळा, जाड काळ्या रेघा आणि ठिपकेच ठिपके. या धाटणीला म्हणतात पॉप आर्ट. जाहिराती, कॉमिक्स, दुकानातले डबे अशा रोजच्या वस्तूच या चित्रकारांनी चित्रात आणल्या. अमेरिकेच्या अँडी वॉरहॉलने १९६२ मध्ये सुपाच्या डब्यांची चक्क ३२ चित्रं मांडली. रॉय लिक्टनस्टाइनला तर कॉमिक्सच्या छपाईतले ठिपकेच आवडले. त्याने ते मोठ्ठे करून रंगवले.

छपाईत ठिपके कशाला, असं वाटलं ना? घरातलं रंगीत वर्तमानपत्र घ्या आणि भिंगातून एखादा फोटो बघा. अरेच्चा, फोटो गेला कुठे? नुसते ठिपके! निळसर, किरमिजी, पिवळे आणि काळे. छापखान्यात शाई या चारच रंगांची. हिरवं पान दिसतं, कारण निळसर आणि पिवळे ठिपके दाटीवाटीने बसलेले असतात आणि आपला डोळा त्यांना वेगळं काढू शकत नाही.

डोळ्याची ही मर्यादा मोजता येते. एकमेकांपासून एक सेंटिमीटरवर असलेले दोन बारीक ठिपके चांगल्या नजरेच्या माणसाला साधारण ३४ मीटरपर्यंत वेगळे दिसतात. त्यापलीकडे ते एकमेकांत मिसळतात. म्हणजे भिंतीवरचा रंग निम्मा चित्रकार कालवतो आणि निम्मा तुमचा डोळा! मला हे फार भारी वाटतं.

आणि त्या जाड काळ्या रेघा? आपल्या डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी उजेड-अंधाराची सीमा चटकन हेरतात, ती आहे त्याहून ठळक करून मेंदूला कळवतात. म्हणून काळ्या रेघेतलं चित्र धावत्या बसमधूनही ओळखू येतं.

मुंबईत वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर २०१४ मध्ये दादासाहेब फाळके रंगवले गेले. उंची शंभर फुटांहून जास्त! भिंतीला नाक लावून उभ्या असलेल्या चित्रकाराला अख्खा चेहरा दिसणार कसा? यावर जुनी युक्ती आहे चौकटींची. छोट्या चित्रावर चौकटी आखायच्या, भिंतीवर तितक्याच पण मोठ्या आखायच्या, मग एकेका चौकटीपुरतंच बघत रंगवायचं. चर्चगेट स्टेशनच्या इमारतीवर ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्राने २०१८ मध्ये रंगीबेरंगी गांधीजी काढले. झगझगीत रंगांचे चौकोन आणि त्रिकोण ही त्याची खासियत. जवळून नुसते तुकडे, लांबून माणूस.

आता तुम्ही करून बघा. वहीतल्या मांजरीवर एकेक सेंटिमीटरच्या चौकटी आखा, जुन्या कॅलेंडरच्या मागे दहा-दहा सेंटिमीटरच्या. मांजर दहापट लांब-रुंद होईल. आणि रंगवलेली भिंत दिसली की आधी अगदी जवळ जा, मग हळूहळू मागे सरका. फक्त रस्त्यावर उतरू नका, फुटपाथवरूनच बघा!