गाडी सुरू होत नाही? बॅटरी बदलण्याआधी हे 5 आवाज ओळखा

मे महिन्यातला रविवार. नांदेडला सिडकोत आमच्या घरासमोर गाडी उभी. मागच्या सीटवर माझी लहान बहीण, हातात नीटचं अ‍ॅडमिट कार्ड. दोन वर्षं क्लासेस लातूरला केले म्हणून तिने सेंटरही लातूरचंच निवडलं होतं. दुपारी 1:30 ला गेट बंद होतं आणि त्यानंतर कोणी कितीही रडलं तरी उघडत नाही. सकाळी 8 ला निघून लोहा, अहमदपूर, चाकूर करत 11 पर्यंत लातूरला, असा साधा प्लॅन होता.

मी चावी फिरवली. टक-टक-टक-टक. इंजिन हललंसुद्धा नाही.

पप्पा म्हणाले, "हेडलाईट लावून बघ." लावली, तर लख्ख. "लाईट लागायली की! म्हणजे बॅटरी चांगली हाय. सेल्फ गेला असंल." शेजारचे काका म्हणाले, "धक्का मारू." पण आमची गाडी एएमटी, धक्क्याने सुरू होणारी नाही. रविवार असल्यामुळे दोन मेस्त्रींनी फोन उचलला नाही, तिसरा म्हणाला अकरानंतर येतो. बहीण एकच विचारत होती, "दादा, पोहोचतो ना आपण?"

मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, गाडीचा मेकॅनिक नाही. पण बग शोधणं हे माझं रोजचं काम आहे. त्या दिवशी जे शिकलो ते आज सोप्या भाषेत सांगतो.

लाईट लागते, मग गाडी का सुरू होत नाही?

हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे, म्हणून आधी हाच.

एका हेडलाईटच्या 55 वॅटच्या बल्बला साधारण साडेचार अँपिअर करंट लागतो. स्टार्टर मोटर, म्हणजे आपण ज्याला सेल्फ म्हणतो, तिला छोट्या पेट्रोल गाडीतही 100 ते 200 अँपिअर लागतात. डिझेलला त्याहून जास्त. म्हणजे 30-40 पट फरक.

आता समजा बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमली आहे आणि तिथे फक्त 0.02 ओहमचा अडथळा तयार झाला आहे. बारावीच्या फिजिक्समधला ओहमचा नियम लावा: व्होल्ट = अँपिअर × ओहम.

- हेडलाईटसाठी: 4.5 × 0.02 = 0.09 व्होल्ट वाया. डोळ्याला कळणारही नाही.
- सेल्फसाठी: 150 × 0.02 = 3 व्होल्ट वाया. 12 मधले 3 गेले तर सेल्फ फिरणार कसा?

नळाला तोंड धुण्यापुरतं पाणी येतं म्हणून टाकी भरेलच असं नाही, तसंच हे. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही म्हणतो, सर्व्हर एका माणसाला उत्तर देतो म्हणून तो हजार माणसांना झेपेल असं समजू नका. टेस्ट नेहमी लोडवर करायची.

चावी फिरवा आणि कान द्या

बॉनेट उघडण्याआधी गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा, एसी आणि म्युझिक बंद करा. मग एकदाच चावी फिरवा. शेजारी कोणी असेल तर डॅशबोर्डचा व्हिडिओ आवाजासकट काढायला सांगा. हा व्हिडिओ मेस्त्रीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की त्याचं निम्मं काम फोनवरच होतं.

1. काहीच नाही, डॅशबोर्डही काळा: टर्मिनल निघालं आहे किंवा फारच सैल आहे, बॅटरी पूर्ण बसली आहे, किंवा मेन फ्यूज उडाला आहे. आधी टर्मिनल हाताने हलवून बघा. हललं तर बहुतेक दोष तिथेच.

2. टक-टक-टक-टक, भराभर: सेल्फचा स्विच ओढला जातो, करंट कमी पडतो, स्विच सुटतो, परत ओढला जातो. बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल खराब आहे. आमची केस हीच.

3. एकच "टक्क" आणि शांतता: करंट पोहोचतो पण मोटर फिरत नाही. बॅटरी आणि टर्मिनल ठीक असतील तर सेल्फ किंवा त्याची जाड वायर संशयित.

4. डॅशबोर्ड नीट, पण आवाजच नाही: ऑटोमॅटिक किंवा एएमटी गाडीत ब्रेक पूर्ण दाबलाय का, गिअर बरोबर जागी आहे का बघा. काही मॅन्युअल गाड्यांत क्लच पूर्ण दाबावा लागतो. चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडी तुमची चावी ओळखत नाहीये. दुसरी चावी वापरा. बटणाच्या गाडीत रिमोटमधला छोटा सेल उतरला असेल तर रिमोट स्टार्ट बटणाजवळ धरून बघा; बऱ्याच गाड्यांत ही सोय असते. हेही नाही तर सेल्फचा रिले किंवा फ्यूज.

5. इंजिन जोरात फिरतंय, पण पेटत नाही: बॅटरीला सोडा, तिचा दोष नाही. पेट्रोल गाडीत चावी नुसती ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते, तो फ्युएल पंप. तो गप्प असेल तर त्याचा फ्यूज तपासा. बॉनेटखाली उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही बघा. शेताजवळ किंवा अंगणात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचं आहे.

फ्यूज बदलताना त्याच आकड्याचा टाका. 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा, 30 हिरवा. 10 च्या जागी 30 टाकला किंवा तार गुंडाळली, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल.

आता अंदाज नको, मोजा

घरात माझ्या फायनल इयरच्या प्रोजेक्टचा पिवळा मल्टीमीटर पडला होता. तो आठवायला मला 20 मिनिटं लागली, याचंच वाईट वाटतं. मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा, लाल वायर प्लसला, काळी मायनसला.

गाडीच्या बॅटरीत 6 सेल असतात, प्रत्येकी साधारण 2.1 व्होल्टचे. गाडी काही तास बंद असताना हे आकडे दिसतात:

- 12.6 च्या आसपास: पूर्ण चार्ज
- 12.4: साधारण पाऊण
- 12.2: निम्मी
- 12.0 किंवा खाली: जवळजवळ उतरलेली

आमची 12.2 दाखवत होती. निम्मी. एवढ्यावर उन्हाळ्यात छोटी गाडी सहसा सुरू व्हायला हवी. म्हणून पुढची टेस्ट केली. मीटरची एक टोकदार वायर बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरी तिच्यावर बसलेल्या क्लॅम्पवर ठेवली आणि पप्पांना चावी फिरवायला सांगितलं. दोन्ही एकमेकांना चिकटलेल्या वस्तू, मधे जवळजवळ शून्य व्होल्ट दिसायला हवेत. आकडा उड्या मारत होता, पण दोनच्या खाली येत नव्हता. बग सापडला.

टर्मिनल साफ करायची बरोबर पद्धत

1. अंगठी, कडं, घड्याळ काढा. गाडी बंद, चावी बाहेर.
2. जोडणीचा एक फोटो काढून ठेवा.
3. आधी मायनस काढा, मग प्लस. प्लस काढताना पाना बॉडीला लागला आणि मायनस जोडलेलाच असेल, तर ठिणगी उडते. बहुतेक गाड्यांना 10 नंबरचा पाना लागतो.
4. कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशने घासा. ती पावडर हाताला-डोळ्याला लागू देऊ नका. मग कोरडं पुसा.
5. खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू सँडपेपरने चकचकीत करा.
6. आधी प्लस जोडा, मग मायनस. घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा.

बॅटरी काढल्यावर घड्याळ आणि रेडिओचं सेटिंग जाऊ शकतं, त्याने घाबरू नका.

काम करताना आम्ही एक गोष्ट ठरवली होती: 9 वाजले की गाडी सोडायची आणि रिक्षाने थेट एसटी स्टँड गाठायचं. माणूस दुरुस्तीत गुंतला की घड्याळ विसरतो. परीक्षा, दवाखाना, ट्रेन असेल तर ही वेळ आधीच ठरवा.

8:50 ला चावी फिरवली. इंजिन कण्हत-कण्हत फिरलं आणि सुरू झालं. मीटरवर आता 14.1 व्होल्ट. इंजिन चालू असताना 13.7 ते 14.7 च्या दरम्यान आकडा आला म्हणजे अल्टरनेटर बॅटरी चार्ज करतोय. वाटेत अहमदपूरला चहा घेतला, पण इंजिन बंद केलं नाही. मी गाडीतच बसून होतो. पावणेबाराला सेंटरवर पोहोचलो. बहिणीने गेटमधून वळून हात केला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पण बॅटरी निम्मी झाली कशी?

हा प्रश्न राहिलाच होता. दुसऱ्या दिवशी नांदेडला मायनसच्या वायरमध्ये मीटर जोडून बघितलं. गाडी बंद, दारं बंद, अर्धा तास थांबून. या स्थितीत साधारण 0.05 अँपिअरपेक्षा कमी करंट हवा. आमचा होता 0.26.

कारण होता डॅशकॅम. आणि तो गुरुवारी दुपारी मीच, एक व्हिडिओ बघून, थेट बॅटरीच्या लाईनवर जोडला होता! गुरुवार दुपार ते रविवार सकाळ म्हणजे 66 तास. 66 × 0.26 = 17 अँपिअर-अवर. आमची बॅटरी 35 ची. बरोबर निम्मी.

म्हणजे दोष दोन होते. खराब टर्मिनल अनेक महिन्यांपासून असणार, पण भरलेली बॅटरी ते झाकत होती. डॅशकॅमने ती निम्मी केली आणि झाकलेलं उघडं पडलं. मी पप्पांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे सेल्फ बरा होता, बिघाड तूच होतास." आता डॅशकॅमची वायर चावी ऑन असतानाच करंट मिळणाऱ्या फ्यूजवर आहे.

करंट मोजणं जमत नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. मीटर असा जोडलेला असताना गाडी सुरू करू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

जंप स्टार्ट करताना

लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघू शकतो आणि शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते, म्हणून हे अंतर. काढताना उलट्या क्रमाने. जवळ बिडी-सिगारेट नको.

हे कधीच करू नका

- अल्टरनेटर तपासायला चालू गाडीची बॅटरी काढणं. जुन्या गाड्यांत चालून जायचं. आजच्या गाडीचा ईसीयू त्या झटक्याने जळू शकतो.
- एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारणं. मधे अर्धा-एक मिनिट थांबा.
- इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीतल्या नारिंगी वायरला हात लावणं. त्यात शेकडो व्होल्ट असतात.

मराठवाड्यातल्या 40 च्या पुढच्या उन्हात बॅटरीचं आयुष्य लवकर संपतं, म्हणून तीन वर्षं झाली की उन्हाळ्याच्या आधी आणि नंतर एकदा मोजून घ्या. माझ्या डिकीत आता तीन वस्तू कायम असतात: 10 नंबरचा पाना, सँडपेपरचा तुकडा आणि तो पिवळा मल्टीमीटर.

तुमच्या घरी कोणाचा पेपर, कोणाचा दवाखाना असेल, तर आदल्या रात्रीच एकदा गाडी सुरू करून बघा. आवाज बदललेला वाटला, तर हाताशी अख्खी रात्र असते.