असईच्या छावणीतून थोरल्या भावाला

ठिकाण : असई, जि. जालना. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातले गाव.

लढाई : २३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला दौलतराव शिंदे व नागपूरकर रघुजी भोसले, दुसऱ्या बाजूला इंग्रज.

पत्र : दुसऱ्याच दिवशी मेजर जनरल आर्थर वेलस्लीने (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) लिहिले.

कोणाला : गव्हर्नर जनरल मार्क्विस वेलस्लीला. हुद्द्याने वरिष्ठ, नात्याने सख्खा थोरला भाऊ. पत्र मात्र सरकारी अहवालच.

किंमत : इंग्रजांकडचे दीड हजारांहून अधिक ठार वा जखमी. जखमींची रवानगी अजिंठ्याला.

युद्धसमाप्ती : भोसल्यांशी देवगावचा तह, १७ डिसेंबर, शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा, ३० डिसेंबर १८०३.