झाडूचा पगार आणि शहराचा हिशेब

शहराच्या अंदाजपत्रकाचे दिवस आले की 'करदात्यांचा पैसा' हा शब्दप्रयोग हटकून कानावर पडतो. सभांतून, वर्तमानपत्रांतून, गृहनिर्माण सोसायट्यांच्या बैठकांतून पाण्यावर, खड्ड्यांवर, करवाढीवर चर्चा झडते आणि शेवटी ती येऊन थांबते कामगारांच्या पगारावर. सारा पैसा पगारातच गेला तर शहराचा विकास कशातून करायचा, असा हा सवाल असतो. या सवालात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. एक, कर भरणारा निराळा आणि पगार घेणारा निराळा. दोन, पगार म्हणजे पाण्यात गेलेला पैसा. ही दोन्ही गृहीते आपण तपासून पाहिली पाहिजेत. कारण महापालिकेच्या उतरंडीत अगदी तळाशी जो झाडू मारतो, कचऱ्याच्या गाडीवर चढतो, गटारात उतरतो, तो बहुतांशी दलित आहे.

सार्वजनिक पैशाची अशी उलटतपासणी आपल्या चळवळीला नवी नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात गेल्यावर अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी जमीन महसुलासारख्या करांचा बोजा गरिबांवर कसा पडतो हे मांडले. कर कोणाकडून घेतला जातो आणि खर्च कोणासाठी होतो, हे दोन प्रश्न त्यांनी एकमेकांपासून कधी तोडले नाहीत. मुंबईच्या म्युनिसिपल कामगारांची संघटना बांधण्यातही त्यांनी पुढाकार घेतला, तो याच दृष्टीतून.

आता पहिले गृहीत घेऊ. मुंबई महापालिकेच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा आधार वर्षानुवर्षे जकात हा होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात गेली आणि तिच्या बदल्यात राज्य सरकार महापालिकेला दरवर्षी वाढती भरपाई देऊ लागले. जकात असो की वस्तू व सेवा कर, दोन्ही मालाच्या किमतीत मिसळून येतात. साबणाची वडी, चपलेचा जोड, मुलाच्या शाळेचे दप्तर विकत घेताना झोपडीतला माणूस हा कर मोजतो. फक्त त्याची पावती त्याच्या नावाने फाटत नाही. मालमत्ता कराचे बिल मात्र नावानिशी येते, म्हणून ज्याच्या हाती ते बिल तोच स्वतःला करदाता समजतो. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय झाला. लहान खोलीत राहणाऱ्या आपल्याही कितीतरी कुटुंबांना त्याचा लाभ झाला आणि तो निर्णय योग्यच होता. पण भाषेतला फरक पाहा. मालकाला माफ झालेल्या कराला 'दिलासा' म्हणतात आणि कामगाराला दिलेल्या पगाराला 'बोजा'.

दुसरे गृहीत पगार म्हणजे वाया गेलेला पैसा, हे. २०२५-२६ साठी मुंबई महापालिकेचे अंदाजपत्रक सुमारे ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचे होते आणि त्यातली निम्म्याहून अधिक रक्कम भांडवली कामांसाठी, म्हणजे रस्ते, पूल, बोगदे, मलनिःसारण प्रकल्प यांसाठी ठेवली होती. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली होती. त्यामुळे हे अंदाजपत्रक प्रशासकीय राजवटीतच तयार झाले आणि त्याच राजवटीत मंजूर झाले. वस्तीतून निवडून आलेला एकही प्रतिनिधी त्यावर बोलायला सभागृहात नव्हता. सागरी किनारा रस्त्याचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला. या रस्त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. असा रस्ता बांधणे ही गुंतवणूक आणि तो झाडणाऱ्याचा पगार हा मात्र महसुली खर्च, अशी हिशेबाची रीत आहे. हिशेबापुरती ती ठीक आहे. पण 'महसुली' म्हणजे 'अनुत्पादक' असा अर्थ जेव्हा तिच्यातून काढला जातो, तेव्हा ती रीत राहत नाही, पूर्वग्रह बनते.

याच रितीतली एक खोच कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी. महाराष्ट्रातल्या नागरी स्थानिक संस्थांना आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन शासनाने घातलेले आहे. ते ओलांडले की नवी भरती अडते. कायम कामगाराचा पगार, भत्ते, निवृत्तिवेतन हे सारे आस्थापना खर्चात मोजले जाते. तोच रस्ता, तोच झाडू, पण कामगार ठेकेदाराचा असेल, तर ठेकेदाराचे बिल बहुधा देखभालीच्या किंवा कामाच्या खर्चात जाते. काम तेवढेच राहते, कचरा तेवढाच राहतो, तिजोरीतून पैसाही जातोच. फक्त तो निराळ्या शीर्षाखाली लिहिला जातो आणि 'आस्थापना खर्च आटोक्यात आला' असे जाहीर होते. वाटेत ठेकेदाराचा नफा निघतो आणि कामगाराच्या हातचा भविष्यनिर्वाह निधी, रजा, दवाखाना सुटतो. काटकसर म्हणतात ती ही. ती एका माणसाच्या पोटातून काढलेली असते.

मुंबईत या काटकसरीने भाषेचाही आधार घेतला. वस्ती स्वच्छतेच्या योजनांत काम करणाऱ्याला 'स्वयंसेवक' म्हटले गेले आणि त्याच्या मजुरीला 'मानधन'. शब्द सन्मानाचे, पण ते वापरले की किमान वेतनाची जबाबदारी टळते. कंत्राटी कामगारांविषयीचा १९७० चा कायदा २० किंवा अधिक कामगार असतील तिथे लागू होई. त्याखाली राहण्यासाठी कामाचे लहान लहान तुकडे पाडण्याची युक्ती सर्वांना ठाऊक होती. कचरा वाहतूक श्रमिक संघाने या व्यवस्थेविरुद्ध लढा दिला. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय दिला. महापालिका वर अपिलात गेली. अखेर ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने निकाल दिला. ही तीच महापालिका, जिच्या हजारो कोटींच्या मुदत ठेवी बँकांत आहेत. तेव्हा प्रश्न पैसा आहे की नाही हा नव्हता. या माणसांना आपले कामगार मानायचे की नाही, हा होता.

पुढची लढाई याहून अवघड आहे. नोव्हेंबर २०२५ पासून १९७० च्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार नकोत, असे ही संहिता सर्वसाधारणपणे म्हणते. पण झाडणे, साफसफाई, कचरा गोळा करणे व त्याची विल्हेवाट ही कामे ती गाभ्यातून वगळते. अपवाद एवढाच, की ती आस्थापना त्याच कामासाठी उभी असली पाहिजे. आता मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा उघडावा. त्याच्या ६१ व्या कलमात महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत आणि शहराची साफसफाई त्यांत आहे. ज्या संस्थेला स्वच्छता हे कायद्याने बंधनकारक, तिच्या बाबतीत स्वच्छता गाभ्याबाहेरची कशी? हा युक्तिवाद आपल्या संघटनांनी आतापासून तयार ठेवला पाहिजे.

इथे आपल्यालाही अडचणीत टाकणारा एक प्रश्न आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. बापानंतर मुलाच्या हाती झाडू देणारी ही तरतूद जातीचा धंदा पक्का करते, असा आक्षेप घेतला जातो आणि तो पोकळ नाही. गावकीच्या कामात जन्माने जुंपणाऱ्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली विधेयक आणले होते, हे आपण विसरू शकत नाही. पण वतनात बलुते आणि तुटपुंजे इनाम होते. महिन्याच्या महिन्याला हातात पडणारा रोख पगार नव्हता, निवृत्तिवेतन नव्हते. वारसाची नोकरी रद्द करून तीच जागा ठेकेदाराकडे दिली, तर झाडू मारणाऱ्याची जात बदलत नाही, फक्त त्याचा पगार जातो. नोकरी टिकवायची आणि त्या पगारावर पुढच्या पिढीला शिकवून झाडूपासून सोडवायचे, असा दुहेरी लढा आपल्याला लढावा लागणार आहे.

विरोधी पक्षाचे म्हणणे सारेच खोटे नाही. लहान नगरपालिकांची तिजोरी खरोखर रिकामी असते. निवृत्तिवेतनाचा भार खरा आहे. हजेरीच्या चौकीवरचे गैरव्यवहारही खरे आहेत आणि त्यांचा त्रास पहिल्यांदा प्रामाणिक कामगारालाच होतो. यावर उपाय आहेत. शासनाने अनुदान द्यावे, हजेरी चोख ठेवावी, यंत्रे आणावीत. पण स्वस्तात सफाई करून घेण्याचा उरलेला खर्च कुठेतरी निघतोच. गटारात गुदमरून मरणाऱ्याच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. या मरणांचा आकडा कोणत्याही अंदाजपत्रकाच्या 'बचती'त धरलेला नसतो.

म्हणून विद्यार्थी, शिक्षक आणि कार्यकर्ते यांना एक काम सुचवावेसे वाटते. आपल्या गावच्या पालिकेचे अंदाजपत्रक मिळवा आणि अभ्यासवर्गात मांडून वाचा. सफाईचा खर्च कोणकोणत्या शीर्षांखाली विखुरला आहे ते शोधा. माहितीच्या अधिकारात ठेक्याचा करारनामा, हजेरीपट आणि भविष्यनिर्वाह निधीची चलने मागा. एका झाडणाऱ्यामागे ठेकेदाराला किती मिळतात आणि त्याच्या हातात किती पडतात, ही दोन आकड्यांची वजाबाकी फळ्यावर लिहा. ती वजाबाकी वस्तीतल्या प्रत्येकाला समजेल, आणि 'करदात्यांचा पैसा' नेमका कोणाच्या खिशात जातो याचे उत्तर तिच्यातूनच मिळेल.