शब्दांतील रहस्य आणि पडद्यावरील रहस्य : कॉर्नेल वूलरिच

कथेवरून चित्रपट तयार झाला की 'तो मूळ कथेशी कितपत प्रामाणिक आहे?' असा प्रश्न बहुधा प्रथम विचारला जातो. त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा : मूळ कथेचा परिणाम भाषेच्या कोणत्या सामर्थ्यावर उभा आहे? अमेरिकन रहस्यकथाकार कॉर्नेल वूलरिच (१९०३–१९६८) यांच्या कथांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करू.

वूलरिच यांनी 'विल्यम आयरिश' या टोपणनावानेही लेखन केले. संकटात सापडलेला सामान्य माणूस आणि झपाट्याने संपत चाललेला वेळ हे त्यांच्या कथांचे आवडते सूत्र. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांवर अनेक चित्रपट निघाले. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी तर त्यांच्या दोन कादंबऱ्या पडद्यावर आणल्या.

१९४२ मधील 'इट हॅड टू बी मर्डर' ही कथा प्रथमपुरुषी निवेदनात आहे. निवेदक खिडकीशी बसून समोरच्या घरांतील माणसांचे निरीक्षण करतो आणि एका घरात खून झाल्याचा त्याला संशय येतो. आपल्या हालचालींवर मर्यादा आहेत, एवढेच तो सुरुवातीला सांगतो. कारण सांगत नाही. त्याचा पाय प्लास्टरमध्ये आहे, हे वाचकाला कथेच्या अगदी शेवटी कळते. 'मला हिंडता-फिरता येत नव्हते' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण असते. त्यात कारण यावेच लागते असे नाही. ही रिकामी जागा वाचक आपल्या तर्काने भरत राहतो.

याच कथेवर आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९५४ मध्ये 'रिअर विंडो' हा चित्रपट केला. नायक दाखवायचा तर त्याचा पाय लपवणे अवघड. म्हणून आरंभीच कॅमेरा प्लास्टरमधील पाय, मोडलेला कॅमेरा आणि अपघाताचे छायाचित्र दाखवतो. एकही संवाद न उच्चारता नायकाचा व्यवसाय व अपघात दोन्ही समजतात. कथेने शेवटासाठी राखून ठेवलेली माहिती चित्रपट प्रारंभीच देतो. पुढे खुनी दाराशी येतो, तेव्हा नायकाला पळता येणार नाही हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते.

'फँटम लेडी' (१९४२) या कादंबरीत खुनी कोण हे अखेरपर्यंत झाकलेले राहते. रॉबर्ट सिओडमॅक यांच्या १९४४ च्या चित्रपटात मात्र तो मध्यावरच प्रेक्षकांना कळतो. 'खुनी कोण?' या कुतूहलाची जागा 'आता नायिकेचे काय होणार?' ही धास्ती घेते.

सारांश, रहस्य म्हणजे माहिती केव्हा द्यायची याचे नियोजन होय. माध्यम बदलले की हे नियोजनही बदलते. त्यामुळे प्रत्येक बदलाला 'मूळ कथेशी केलेली तडजोड' म्हणण्यापूर्वी त्यामागचे कारण तपासावे.

स्वाध्याय : आपण वाचलेल्या एखाद्या प्रथमपुरुषी कथेतील निवेदक कोणती माहिती मागे ठेवतो? तीच कथा पडद्यावर आणताना ती माहिती लपवता येईल का? सकारण लिहा.